गोटीचा सोडा आणि बरणीतल्या गोळ्या: बदलली ती चव की विकण्याची रीत?

कृष्णाकाठ (प्रश्न)

लहानपणी खाल्लेल्या गोळ्या आणि प्यायलेली रंगीत पेये अलीकडे पुन्हा बाजारात येऊ लागली आहेत. ती घेऊन पाहिली की "नाव तेच, पण ही ती नव्हे" असे वाटते, आणि माझ्या वयाच्या बहुतेकांचा अनुभव असाच असल्याचे ऐकतो. असे का होते, हा माझा प्रश्न आहे.

माझे बालपण कऱ्हाडला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गेले. आमच्या घराजवळच्या खाऊच्या दुकानात तिरप्या तोंडाच्या काचेच्या बरण्या रांगेने मांडलेल्या असत. त्यांत संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, वरून साखर भुरभुरलेल्या लिमलेटच्या गोळ्या, श्रीखंडाच्या गोळ्या, जिरागोळी, रंगीत बडीशेप, पेपरमिंट आणि लाल टोकाच्या गोड सिगारेटी असत. आवळासुपारी आणि बोरकूट वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुडीत मिळे. दुकानदार पाच-दहा पैशांचे नाणे गल्ल्यात टाकून बरणीत हात घाली, आणि हाताला येईल ती गोळी आपली. रंग मागून घेण्याची मुभा फक्त ओळखीच्या घरांतल्या मुलांना असे. सोड्याचे दुकान एसटी स्टँडच्या बाजूला होते. तिथे लाकडी चौकटीतले हाताने फिरवायचे यंत्र होते आणि हिरवट काचेच्या जाड बाटल्यांचे क्रेट एकावर एक रचलेले असत. गोल्ड स्पॉट हे संत्र्याच्या चवीचे बाटलीतले पेय मात्र लग्नाच्या पंगतीनंतर किंवा कोल्हापूरला गेल्यावरच वाट्याला येई.

आता कॅम्पा कोला २०२३ मध्ये नव्या मालकाकडून पुन्हा बाजारात आला आणि रावळगाव या गोळ्यांची नाममुद्रा २०२४ मध्ये विकली गेली. दोन्ही आणून पाहिले, वाईट नाहीत. तरीही जाणकारांना विचारावेसे वाटते, की घटक बदलले आहेत, बाटली आणि वेष्टन बदलल्याचा हा परिणाम आहे, की पन्नाशी ओलांडलेल्या जिभेचा हा दोष आहे? शिवाय गोटीचा सोडा आज कोठे चांगला मिळतो, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

साखरपाक

कृष्णाकाठ, मी अनेक वर्षे गोळ्या-बिस्किटांच्या धंद्याशी संबंधित काम केले आहे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. जिभेला सगळा दोष देऊ नका. तुम्हाला जाणवलेल्या फरकाचा बराचसा भाग खरा आहे आणि त्याची कारणे सांगता येतात.

आधी सोड्याविषयी. पाण्यात कर्बवायू किती विरघळून राहील, हे दाब आणि थंडपणा यांवर अवलंबून असते. गोटीची बाटली ही हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली रचना आहे. बाटलीच्या गळ्यात रबराची कडी असते आणि आत काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून भरतात, त्यामुळे गोटी गळ्याशी येते आणि आतला वायूच तिला कडीवर घट्ट दाबून धरतो. म्हणजे येथे बूच वेगळे नसते, वायूचा दाब हेच बूच. अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळीने गोटी आत ढकलली की दाब एकदम सुटतो, तो 'फट्ट' आवाज येतो आणि गोटी खालच्या आवळलेल्या भागात जाऊन बसते. गळ्याला एका बाजूने दोन खळगे असतात. ती बाजू खाली करून बाटली तिरपी केली तर गोटी खळग्यात अडकते आणि सोडा सुरळीत येतो. उलट बाजूने लावली तर गोटी तोंडाशी येऊन धार बंद करते, आणि नवखा गिऱ्हाईक बाटली हलवत बसतो.

या रचनेत दोन गोष्टी आपोआप साधत. काचेतून वायू निसटत नाही, आणि सोडा बहुधा त्याच गावात त्याच आठवड्यात भरलेला असे. आजच्या प्लास्टिकच्या बाटलीतून वायू फार हळू का होईना, पण झिरपत असतो, आणि बाटली जितकी लहान तितका हा तोटा जास्त, कारण आतल्या पेयाच्या मानाने बाटलीचा पृष्ठभाग मोठा असतो. दहा रुपयांची छोटी बाटली दुकानात उन्हात काही आठवडे पडून राहिली असेल, तर नाकात जाणारी ती झिणझिणी तिच्यात मिळणार नाही. शिवाय काही पेयांत साखर कमी करून कृत्रिम गोडी घातलेली असते. बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचलात तर हे तुमचे तुम्हालाच दिसेल. अशी गोडी जिभेवर उशिरा चढते आणि नंतर बराच वेळ रेंगाळते.

गोल्ड स्पॉटसारख्या संत्र्याच्या पेयांची गोष्ट आणखी वेगळी आहे. संत्र्याच्या सालीचे सुगंधी तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते. ते पेयात सारखे पसरून राहावे आणि पेयाला फळाच्या रसासारखा गढूळपणा यावा, यासाठी त्या काळी ब्रोमीनयुक्त वनस्पती तेल वापरण्याची पद्धत होती. भारतात १९९० मध्ये त्याच्यावर बंदी आली आणि उत्पादकांना दुसरे मार्ग शोधावे लागले. तेव्हा तुमच्या आठवणीतले १९८० चे संत्र्याचे पेय, आज कोणी जुन्याच नावाने काढले तरी, घटकांच्या दृष्टीने तंतोतंत तेच असू शकत नाही, आणि तसे ते नसणेच बरे.

आता गोळ्या. साखर आणि लिक्विड ग्लुकोज यांचा पाक साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात, म्हणजे त्यात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरते. तो थोडा निवू लागला की मग रंग, सुवास आणि लिंबूसत्व मळून घालतात. लिंबूसत्व उकळत्या पाकात आधीच टाकले तर आंबटपणामुळे साखरेचे विघटन होते आणि गोळी हवेतले पाणी ओढून घेऊ लागते. गावोगावच्या लहान भट्ट्यांवर ग्लुकोजचा खर्च टाळण्यासाठी नेमके हेच करत असत. म्हणून पावसाळ्यात बरणीतल्या गोळ्यांचा एक गोळा होई आणि दुकानदार तो सुरीच्या मुठीने फोडून देई. वरची भुरभुरलेली साखर शोभेसाठी नव्हती, गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून होती. पण त्या ओलसरपणामुळेच गोळी तोंडात टाकताक्षणी आंबट लागे. आजची वेष्टनात गुंडाळलेली गोळी शेवटपर्यंत कोरडी आणि काचेसारखी कडक राहते, तिचा आंबटपणा हळूहळू सुटतो. उत्पादन म्हणून ती सरस आहे, पण लहानपणीची ती पहिली सणक तिच्यात नाही.

बागलाणी

रावळगावचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आमचे गाव त्या बाजूचेच. रावळगाव हे नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले गाव. वालचंद हिराचंद यांनी तिथल्या माळावर उसाची शेती उभी केली, १९३३ मध्ये साखर कारखान्याची कंपनी काढली, आणि चाळीसच्या दशकात तिथेच गोळ्या तयार होऊ लागल्या. साखर घरचीच, मग तिची गोळी करून विकली तर किंमत अधिक येते, असा तो सरळ व्यापारी हिशेब. आमच्याकडे 'रावळगाव द्या' म्हटले की गोळीच मिळे, कंपनीचे नाव मागतो आहोत हे कोणाच्या डोक्यातही नसे. पुढे पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक अशा वेष्टनातल्या गोळ्या देशभर गेल्या.

२०२४ च्या फेब्रुवारीत रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने या नाममुद्रा आणि गोळ्यांच्या कृती २७ कोटी रुपयांना घेतल्या. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना तो आकडा फारच लहान वाटला. पण धंद्याकडे पाहिले तर कारण समजते. साखर, इंधन, मजुरी सगळे महाग होत गेले आणि गोळीची किंमत मात्र वाढवता येईना, कारण गोळीची किंमत कारखाना नव्हे तर नाणे ठरवते. पाच पैशांचे नाणे व्यवहारातून गेले तेव्हा पाच पैशांची गोळी गेली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी अधिकृतपणे बंद झाली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने आजही चालते, पण वाणी ते घेत नाही. मग गोळीला एकच पायरी उरली, एक रुपया, आणि त्या एका रुपयात पुढची सगळी महागाई बसवायची. ती बसवायची तर गोळी बारीक तरी करायची, नाही तर नफा सोडायचा.

मधल्या काळात गोळीच नाणे झाली होती, हे आठवते का? "सुटे नाहीत, दोन गोळ्या घ्या" असे म्हणून प्रत्येक दुकानदार हातावर गोळ्या ठेवत असे. गिऱ्हाइकाने त्याच गोळ्या परत देऊन काही मागितले तर मात्र तो घेत नसे. मला वाटते, गोळीची हौस तिथेच निम्मी संपली. जी वस्तू हट्ट करून मिळवायची, ती न मागता खिशात येऊ लागली.

पेठेतला

वरील सर्व माहिती वाचनीय आहे, पण एक बाजू कोणी मांडलेली नाही.

गोटीच्या बाटलीचा गळा आवळलेला, आत गोटी, वर रबराची कडी. अशा बाटलीत ब्रश कसा घालणार? ती टबातल्या पाण्यात खळखळवली की धुतली असे समजले जाई, आणि त्या टबातले पाणी दिवसातून किती वेळा बदलले जाते, याची चौकशी करण्याचे धाडस कोणीही केले नाही. गोळ्यांच्या बरणीत दुकानदाराचा तोच हात जाई, जो रॉकेलच्या मापालाही लागलेला असे. रंग कोणते वापरले आहेत हे सांगणारे लेबल सुट्या गोळीवर असण्याचा प्रश्नच नव्हता. विल्यम पेंटर याने १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले आणि जगभर गोटी मागे पडली, याचे कारण लोक अरसिक होते असे नाही; आतून साफ करता येणारी सरळ गळ्याची बाटली आणि एकदाच वापरायचे बूच ही सोय अधिक चांगली होती.

तुम्हाला जे हवे आहे ते वय आहे, सोडा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. रागावू नये.

पार्ले पूर्व

पेठेतल्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, परंतु सगळ्या आठवणी कावीळ आणि रबराच्या कडीत बुडवू नयेत, एवढीच विनंती.

मी विलेपार्ल्यात वाढलो. गाडी स्टेशनात शिरण्याआधीच भाजलेल्या बिस्किटांचा वास डब्यात येई आणि डुलक्या घेणाऱ्या माणसांना उतरण्याचे ठिकाण कळे. तो पार्लेचा कारखाना १९२९ मध्ये सुरू झाला तो बिस्किटांनी नव्हे तर गोळ्यांनी, संत्र्याच्या गोळीने. बिस्किटे १९३९ मध्ये आली. किस्मी ही टॉफी १९६३ ची आणि मेलडी १९८३ ची. किस्मीच्या लाल वेष्टनातल्या वेलदोड्याच्या वासाने शाळेच्या दप्तराचा कप्पा आठवडाभर घमघमत असे. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि स्टेशनावरचा वासही गेला.

गोल्ड स्पॉट, लिमका आणि थम्स अप ही पेये पार्ले चालवणाऱ्या चौहान घराण्याच्याच दुसऱ्या शाखेची. परकीय भागभांडवलावरच्या निर्बंधांमुळे कोका-कोलाने १९७७ मध्ये भारत सोडला, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. त्या पोकळीत थम्स अप आले, कॅम्पा आले, आणि सरकारनेही मॉडर्न फूड इंडस्ट्रीजमार्फत 'डबल सेव्हन' नावाचा कोला काढला. त्याची कृती म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत तयार झाली होती. सरकारी कोला हा प्रकार आजच्या मुलांना सांगितला तर ती थट्टा समजतात. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने पार्लेची ही पेयेच विकत घेतली. थम्स अप आणि लिमका टिकली, गोल्ड स्पॉट मात्र थोड्याच काळात दुकानांतून नाहीसे झाले. त्याच्या बुचाच्या आतल्या चित्रांसाठी आम्ही उपाहारगृहांच्या मागच्या गल्लीत बुचे वेचत फिरत असू. ज्यांवर चित्र नसे, ती ठोकून सपाट करून, दोन भोके पाडून, दोरा ओवून भिंगरी करत असू.

मुंबईकरांनी ड्यूक्सला विसरू नये. दिनशॉजी कुवरजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये हा सोड्याचा धंदा काढला. ते क्रिकेट खेळणारे पारशी गृहस्थ होते, आणि इंग्लंडातल्या क्रिकेटचे चेंडू बनवणाऱ्या ड्यूकवरून त्यांनी हे नाव घेतले, असे सांगतात. लेमोनेड, रासबेरी, आणि मँगोला ही तर उन्हाळ्याच्या सुट्टीची राणी. १९९४ मध्ये हा व्यवसाय पेप्सीकडे गेला.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. साखरपाक यांच्या उत्तराने माझ्या प्रश्नाचा निम्मा भाग सुटला. आंबटपणाच्या पहिल्या सणकेचे कारण भट्टीवरच्या काटकसरीत असेल, असे मला कधीच वाटले नव्हते.

पेठेतल्यांनी वयाविषयी लिहिले ते मनाला लागले नाही, परंतु पूर्णपणे पटलेही नाही. वयच हवे असते, तर त्या काळातल्या प्रत्येक खाऊची सारखीच ओढ वाटायला हवी होती, आणि तसे होत नाही. राजगिऱ्याचा लाडू, गुडदाणी, गुढीपाडव्याच्या गाठी आजही मिळतात, त्या खाताना 'ही ती नव्हे' असे मला कधीही वाटत नाही. रुखरुख लागते ती लिमलेटची आणि सोड्याचीच. वरचे वाचल्यावर मला असे दिसते, की या दोन्ही गोष्टी दुकानात उभे राहूनच घ्याव्या लागत. सोड्याची बाटली काचेची आणि दुकानदाराची, तिची अनामत भरल्याशिवाय ती घरी नेता येत नसे; म्हणून ती फळीला टेकून, त्याच्या डोळ्यांदेखत संपवायची आणि परत करायची. एकाच बाटलीत भावंडांनी घोट मोजून वाटणी करायची, आणि ज्याच्या वाट्याला तळचा भाग येई त्याची गोटी वाजवण्याची हौस भागे. गोळीही एकच, तीही उघडी, त्यामुळे ती लगेच तोंडात टाकण्यावाचून दुसरी सोयच नव्हती. आज मी गोळ्यांचे शंभराचे पाकीट आणि प्लास्टिकची बाटली घरी आणतो, फ्रीजमध्ये ठेवतो, आणि मग केव्हातरी टीव्हीसमोर बसून चव घेतो. साखरपाक यांनी सांगितलेले फरक खरे असले तरी ते दूर करून नेमका जुना सोडा मला कोणी घरपोच पाठवला, तर तो तसा लागेल का, याची मला शंका आहे.

बागलाणी यांचे 'न मागता खिशात आलेली गोळी' हे निरीक्षण याच अंगाने जाते.

ओसाकावासी

मी नोकरीनिमित्त जपानमध्ये राहते. इथे गोटीची बाटली कधी बंदच पडली नाही. 'रामुने' या नावाचे लिंबाच्या चवीचे पेय आजही याच कॉडच्या बाटलीत मिळते आणि उन्हाळी जत्रांमध्ये लहान मुले ते हमखास मागतात. बाटलीसोबत गोटी ढकलण्यासाठी प्लास्टिकची छोटी ठोकळी मिळते. माझ्या मुलाने पहिल्यांदा उघडताना निम्मे पेय अंगावर सांडले, तेव्हा मी त्याला खळग्यांची बाजू खाली धरायला शिकवले. सांगलीला माझ्या आजोबांनी मला हेच शिकवले होते.

स्वच्छतेविषयी पेठेतल्यांना सांगावेसे वाटते, की इथे कारखान्यात भरलेली आणि मोहोरबंद बाटली मिळते, त्यामुळे गोटी आणि स्वच्छता यांचे मुळातच वैर आहे असे नाही. वैर असेल तर ते टबातल्या पाण्याशी आहे. भारतातही आता असे प्रयत्न होत आहेत. २०२५ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने 'गोली पॉप सोडा' या नावाने हे पेय अमेरिका, युरोप आणि आखाती देशांत निर्यात होत असल्याचे जाहीर केले होते. गावातल्या यंत्रावर भरलेला तो सोडा आणि दुबईच्या मॉलमधला हा सोडा यांत काय राहिले आणि काय गेले, हे तिकडच्या कोणी चाखून लिहावे.

पेठेतला

ओसाकावासी ताई, मोहोरबंद बाटलीविषयी माझी काहीही तक्रार नाही.

कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नाही, म्हणून देतो. रस्त्यावरच्या गाड्यांवर अलीकडे गोटीचा सोडा पुष्कळ दिसतो, पण घेण्यापूर्वी पाणी कोठले आणि बाटल्या कशा धुतात, हे विचारावे. चांगला सोडेवाला न रागावता सांगतो. बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवलेली असेल तरच घ्यावी, नुसता वरून बर्फ टाकून देत असेल तर घेऊ नये, कारण कोमट सोड्यातला वायू बर्फ पडताच फसफसून निघून जातो. मीठ-लिंबू घालायचे असेल तर पेल्यात आधी मीठ-लिंबू आणि मग सोडा, नाही तर सगळा फेस टेबलावर.

गोटीचा आग्रह नसेल तर पुण्यात आल्यावर कॅम्प भागात अर्देशीर यांच्याकडे जावे. हा इराणी घराण्याचा सोड्याचा धंदा १८८४ पासूनचा आहे. रासबेरी मागावी, आले आवडत असेल तर जिंजर. काचेची बाटली मिळते, तेव्हा तिथेच उभे राहून प्यावी आणि बाटली परत करावी. दुपारी फार उशिरा गेल्यास रासबेरी संपलेली असू शकते, मग आइस्क्रीम सोडा घ्यावा, तोही वाईट नाही.